मृगयेचे छायाचित्र : स्मृती, साक्ष आणि प्रदर्शन

१. प्रश्नाची मांडणी

मारलेल्या प्राण्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र शिकाऱ्याने समाजमाध्यमांवर प्रसृत करावे की नाही, हा प्रश्न सामान्यतः अभिरुचीचा किंवा कायद्याचा मानला जातो. एका पक्षाला त्यात शिकाऱ्याचे स्वातंत्र्य व जुनी परंपरा दिसते. दुसऱ्या पक्षाला क्रौर्याचे प्रदर्शन दिसते. हे छायाचित्र म्हणजे घडलेल्या घटनेची केवळ नोंद होय, हे मात्र दोन्ही पक्ष गृहीत धरतात. वस्तुतः ती एक संहिता आहे. तिचे संकेत ठरलेले आहेत, तिला पूर्वेतिहास आहे आणि वाचक बदलला की तिचा अर्थही बदलतो. प्रस्तुत लेखात या संहितेचा विचार मृगयेच्या वाङ्मयीन परंपरेच्या संदर्भात केला आहे. ज्या परंपरेचा दाखला देऊन या प्रदर्शनाचे समर्थन केले जाते, तिने शिकारीला नेहमी कथनाच्या किंवा विवादाच्या चौकटीत ठेवले होते. समाजमाध्यमावरील छायाचित्र नेमकी तीच चौकट काढून टाकते. म्हणून परंपरेच्या नावाने त्याचे समर्थन टिकत नाही, असे येथे दाखवावयाचे आहे.

२. फरीदाबादचा खटला

या संहितेचा अर्थ भारतात किती बदलला, हे फरीदाबाद येथील विशेष पर्यावरण न्यायालयात चाललेल्या एका खटल्यावरून स्पष्ट होते. जून २००५ मध्ये हरियाणातील झज्जर जिल्ह्यात पोलिसांनी अडविलेल्या वाहनात मृत काळवीट आणि दोन ससे सापडले. आरोपींमध्ये भारतीय क्रिकेट संघाचे माजी कर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांचा समावेश होता. ते फरीदाबादच्या न्यायालयापुढे शरण आले व पुढे त्यांना जामीन मिळाला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाल्याने त्यांच्याविरुद्धचा खटला निकालापर्यंत पोहोचला नाही; अन्य आरोपींविरुद्ध २०१५ मध्ये दोषसिद्धीचा निर्णय झाला.

काळवीट हा हरियाणाचा राज्यप्राणी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा अंतर्भाव आहे. खटल्याच्या गुणदोषांत न शिरताही त्यातील एक गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय ठरते. संस्थानी काळात मृत काळवीट ही उघड्यावर, पाहुण्यांच्या साक्षीने, छायाचित्रकारापुढे मांडण्याची वस्तू होती. येथे ती रात्रीच्या वाहनात झाकून ठेवलेली सापडते. १९७२ च्या कायद्याने आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवर जवळजवळ सर्वंकष बंदी आणली. तेव्हापासून मृत प्राणी हा मिरविण्याचा विषय न राहता लपविण्याचा विषय झाला. कातडे, शिंगे, पेंढा भरलेले मस्तक यांची मालकीही निर्बंधांखाली आली. छायाचित्र मात्र कायद्याने व्याख्या केलेल्या 'ट्रॉफी'त मोडत नाही. भिंतीवरचे शिंग गेले, तरी मिरविण्याची ऊर्मी छायाचित्राच्या आश्रयाने उरली. समाजमाध्यमाने तिला पुन्हा दरबार मिळवून दिला.

३. मृगया : एक जुना विवाद

मृगया हा राजधर्माचा निर्विवाद भाग होता, ही समजूत संस्कृत परंपरेच्या साक्षीवर टिकत नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या कामज व्यसनांची गणना आहे आणि तीत मृगयेचा उल्लेख प्रारंभीच येतो. महाभारतात पांडूने मृगरूपातील किंदम ऋषीचा वध केला आणि त्याच्या शापाची छाया साऱ्या कुरुवंशावर पडली. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या आरंभी दुष्यंत हरणाचा पाठलाग करीत येतो. पण आश्रमाचा मृग मारू नये, असे तपस्वी त्याला बजावतात आणि तो बाण उतरवतो. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो, तर शिकारीच्या दगदगीने वैतागलेला विदूषक तिची टर उडवतो. कालिदासाने शिकारीची स्तुती व निंदा एकाच अंकात समोरासमोर उभी केली आहे. मारलेला प्राणी मात्र त्याने रंगमंचावर आणलेला नाही.

फार्सी दरबारी परंपरेतही हा ताण दिसतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतच्या शिकारीचा हिशेब जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नोंदविला आहे. त्याच्या उपस्थितीत २८,५३२ प्राणी मारले गेले व त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वहस्ते मारले. आजच्या प्रदर्शनवृत्तीचा पूर्वज येथे सापडतो असे वाटण्याचा संभव आहे. परंतु याच बादशहाने मनसराज नावाच्या आपल्या पाळीव हरणाच्या स्मरणार्थ शेखूपुरा येथे मनोरा उभारला आणि त्या परिसरात हरणांच्या शिकारीस मनाई केली. आकडेवारी आणि शोक एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथात नांदतात. वाचकाला दोन्ही एकत्र वाचावी लागतात, हे त्या ग्रंथाचे मूल्य आहे. केवळ आकडा सुटा काढला, तर जहांगीराविषयीचे आकलन दरिद्री होईल.

४. छायाचित्राचे व्याकरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅमेरा शिकारीच्या तळावर आला आणि या विवादातला एकच पक्ष चित्रित होऊ लागला. राजा दीनदयाळ यांच्या नावाने ओळखले जाणारे १९०२ चे छायाचित्र या प्रकाराचा नमुना मानता येईल. हैदराबाद संस्थानातील शिकारीनंतर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन व लेडी कर्झन मृत वाघासह त्यात दिसतात. या प्रकाराची रचना जवळजवळ अपरिवर्तनीय आहे. प्राणी अग्रभागी आडवा असतो, शिकारी त्याच्यामागे ताठ उभा वा बसलेला असतो, बंदूक दिसेल अशी धरलेली असते. प्राण्याचे मस्तक बहुधा कॅमेऱ्याकडे वळवलेले असते. आडवे आणि उभे यांच्या या विरोधातून सत्तेचा अर्थ निष्पन्न होतो.

चौकटीबाहेर काय राहते, हेही तितकेच अर्थपूर्ण आहे. रान उठवण्यासाठी हाका घालणारे गावकरी, माग काढणारे आदिवासी, मचाण बांधणारे मजूर एकतर चित्रात नसतात किंवा मागच्या रांगेत अनाम उभे असतात. ज्यांच्या उपजीविकेचेच नाव पारध होते, त्या पारधी समाजाच्या वाट्याला असले स्मारक आले नाही. वसाहतकालीन गुन्हेगार जमाती कायद्याने त्याच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ मध्ये विमुक्ती होऊनही तो शिक्का समाजमनातून पुसला गेला नाही. तीच कृती एका वर्गाच्या बाबतीत आल्बममध्ये चिकटवली गेली, दुसऱ्याच्या बाबतीत पोलिसांच्या दप्तरी नोंदली गेली. म्हणून शिकाऱ्याची परंपरा असे म्हणताना कोणत्या शिकाऱ्याची, हा प्रश्न अटळ ठरतो.

या प्रकाराचा अर्थ किती पूर्णपणे उलटू शकतो, याचे मोठे उदाहरण कोरिया संस्थानाचे आहे. हे संस्थान आजच्या छत्तीसगढमध्ये येते. महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये तीन चित्ते मारले आणि त्यांच्यासह काढलेले छायाचित्र उरले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४८ साली या शिकारीचे वृत्त आले, तेव्हाच संपादकांनी तीव्र नापसंती व्यक्त केली होती. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे घोषित झाले. पराक्रमाचे स्मारक म्हणून काढलेले हे चित्र आज एका प्रजातीच्या अंताचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले, तेव्हाही हेच चित्र पुन्हा पुढे आले. चित्रातील एकही रेषा बदललेली नाही, वाचक बदलला. जे घडले ते खरोखर घडले, एवढीच ग्वाही छायाचित्र देते, हे रोलाँ बार्थने 'कॅमेरा ल्युसिडा'त (१९८०) मांडले आहे. त्या घडण्याचा अर्थ काय, हे सांगण्याचा अधिकार छायाचित्र काढणाऱ्याकडे राहत नाही.

५. कथनाने जे सांगितले

शिकारकथा आणि शिकारचित्र यांची तुलना केली असता हा फरक अधिक उघड होतो. जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) मध्ये गोळी झाडण्याचा क्षण फार थोडी जागा व्यापतो. पुष्कळशी पाने मागावर जाण्यात, चुकण्यात, भिण्यात आणि गावकऱ्यांच्या दुःखात जातात. त्याच ग्रंथाच्या अखेरीस कॉर्बेट बंदूक आणि कॅमेरा यांची तुलना करतो आणि कॅमेऱ्याला झुकते माप देतो. ट्रॉफीत फक्त ती मिळवणाऱ्याला रस असतो, जिवंत प्राण्याचे चांगले छायाचित्र सर्व निसर्गप्रेमींना आनंद देते, असा त्याचा युक्तिवाद आहे. या निकषावर शिकारचित्राचे स्थान विचित्र ठरते. माध्यमाने ते छायाचित्र आहे, आशयाने ट्रॉफीच आहे. आणि जे एकालाच रुचावे ते सर्वांपुढे ठेवण्याचा आग्रह त्यात आहे.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचा प्रवास याच दिशेने वाचता येतो. शिकारीचा प्रत्यक्ष अनुभव असलेला हा लेखक 'नागझिरा' आणि 'सत्तांतर' (१९८२) यांपर्यंत येतो, तेव्हा शिकाऱ्याची निरीक्षणशक्ती शिल्लक असते, बंदूक मात्र गळून पडलेली असते. 'सत्तांतरा'त वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष, हिंसा व मृत्यू आहेत. पण माणूस त्या मृत्यूचा नायक नाही. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात अरण्य हीच भाषेची शाळा होते. तेथे पशुपक्ष्यांना नावे, सवयी व ऋतू आहेत. शिकारचित्रातील प्राण्याला यांतले काहीच नसते. त्याचा इतिहास त्याच्या मृत्यूपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो.

तुलनेच्या दृष्टीने जॉर्ज ऑर्वेलचा 'शूटिंग ॲन एलिफंट' (१९३६) हा निबंध विशेष उपयुक्त आहे. ब्रह्मदेशातील गोरा पोलीस अधिकारी हत्तीला मारू इच्छीत नाही; तो मारतो, कारण मागे जमलेला जमाव पाहत असतो. प्रेक्षक हा कृतीनंतर येणारा साक्षीदार नसून कृतीचे कारण होऊ शकतो, हे या निबंधाचे मर्म आहे. समाजमाध्यमाच्या विचारात हे मर्म मध्यवर्ती ठरते.

६. प्रेक्षक आधी, शिकार नंतर

संस्थानी छायाचित्राचा प्रेक्षकवर्ग मर्यादित व परिचित होता. समाजमाध्यमाचा प्रेक्षक अगणित, अनोळखी आणि, मुख्य म्हणजे, शिकारीच्या आधीपासून उपस्थित असतो. त्याच्या प्रतिसादाची अपेक्षा मनात धरूनच कृती घडण्याचा संभव निर्माण होतो. फरीदाबादला लागून असलेल्या अरवलीच्या पट्ट्यात, गुरुग्राम जिल्ह्यातील मंडावर येथे, नोव्हेंबर २०१६ मध्ये गावात शिरलेला बिबट्या जमावाने मारला. बिबट्याने माणसे जखमी केली होती, हे विसरता येत नाही. भीती खरी होती. पण मृत बिबट्याभोवतीच्या गर्दीची चित्रे पसरली, तेव्हा त्या भीतीचा मागमूस त्यांत उरला नव्हता. आत्मरक्षणाची बाजू ज्या कथनात मांडता आली असती, ते कथन चित्राने गिळून टाकले. येथे शिकारचित्र ज्यांनी काढले त्यांचाही घात करते.

यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी 'अवनी' या वाघिणीस गोळी घालण्यात आली, तेव्हा प्रतिमेने वेगळी भूमिका बजावली. मृत वाघिणीच्या अंगातील बेशुद्धीच्या डार्टचे छायाचित्र प्रसृत झाले आणि डार्ट गोळीपूर्वी लागला की नंतर, या प्रश्नाभोवती वाद पेटला. २०१५ मध्ये झिंबाब्वेतील सेसिल या सिंहाच्या हत्येने जगभर उसळलेला संतापही पुष्कळ अंशी प्रतिमांवर पोसला गेला. मात्र संतापाने तेच चित्र पुन्हा पुन्हा पसरवणारा वाचक त्याच प्रदर्शनाचा विस्तार करतो, हा विरोधाभास टीकाकारांनी नजरेआड करू नये.

अशी चित्रे प्रसृत होऊ दिल्यानेच गुन्हे उघडकीस येतात, असा एक प्रतिवाद संभवतो. त्यात तथ्य आहे. वनविभागाच्या कारवाया अनेकदा अशा चित्रांपासून सुरू होतात. तथापि इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठी विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणूक विवादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट आहे. एखादी व्यक्ती मृत प्राण्याशेजारी उभी दिसली, म्हणजे तिनेच तो मारला, हेही चित्र एकटे सिद्ध करीत नाही. कायद्यालाही चित्राभोवती कथन लागते : कोणी, कोठे, केव्हा, कशाने.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून जतन आणि प्रदर्शन यांत भेद करणे आवश्यक ठरते. कोरियाच्या चित्त्यांचे छायाचित्र नष्ट झाले असते, तर एका लोपाची साक्ष हरपली असती. म्हणून अशा प्रतिमा संग्रहालयात, दप्तरात, संशोधनात राहिल्या पाहिजेत. तेथे त्यांना तारीख, स्थळ आणि विवाद यांची सोबत मिळते. समाजमाध्यमावर शिकाऱ्याने स्वतः केलेले प्रसारण ही सोबत नाकारते. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला रीतसर परवान्याने मारणाऱ्यालाही हे लागू आहे. त्याचे काम सार्वजनिक गरजेतून आलेले असेल, तर त्या गरजेची नोंद अहवालात व्हावी. मृतदेहासह काढलेल्या चित्रात ती गरज दिसत नाही, फक्त तो दिसतो.

शिकाऱ्याने असे चित्र प्रसृत करू नये, हे उत्तर केवळ प्राण्याच्या वतीने दिलेले नाही. मृगयेविषयी भारतीय भाषांनी जे गुंतागुंतीचे चिंतन केले, त्याच्याशी प्रामाणिक राहण्याची ती अट आहे. दुष्यंताने उतरवलेला बाण, जहांगीराचा मनोरा, कॉर्बेटचा कॅमेरा आणि माडगूळकरांची वानरे ही त्या चिंतनाची ठळक स्थाने होत. शिकारीची परंपरा ज्याला जपावयाची आहे, त्याने ती सारी पत्करावी लागेल, तिच्यातील पश्चात्तापासह.