मुद्दल किती, व्याज किती?

दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका लहान सभागृहात ‘अयोध्येचा राजा’ दाखवला गेला. प्रभात फिल्म कंपनीने 1932 मध्ये याच गावात काढलेला हा बोलपट. त्यामुळे खुर्च्या भरल्या होत्या. निमंत्रणपत्रिकेवर ‘एचडी प्रत’ असे ठळक छापले होते. दुर्गा खोटे पडद्यावर आल्या आणि मला चुकल्यासारखे वाटू लागले. तारामती बुटकी आणि रुंद दिसत होती. गोविंदराव टेंबे यांचा हरिश्चंद्र तर तालमीतून उठून आल्यासारखा. कोल्हापूरच्या दुधाचा गुण म्हणून सोडून देता आले असते. पण रथाची चाकेही लांबट दिसावीत, अशी ती प्रत होती. शेजारचे गृहस्थ मात्र खूश होते. “प्रिंट काय झकास काढलीय!” म्हणाले. चित्र खरोखरच चकचकीत होते. आपण जुन्या चित्रपटाकडे किती सहज चुकीचे पाहतो, हे त्या चकचकीतपणामुळेच माझ्या लक्षात आले.

लग्नाचे शूटिंग करण्यात आयुष्य घालवलेल्या एका मित्राकडे मी हे गाऱ्हाणे नेले. तो म्हणाला, “सर, एचडी म्हणजे डब्याचं माप. आत काय भरलंय ते कुठं सांगितलंय?”

डबा आडवा 1920 आणि उभा 1080 बिंदूंचा, म्हणजे एकूण 20,73,600 बिंदू. पण मित्राचा पहिला एचडीव्ही कॅमेरा टेपवर आडवे 1440 बिंदूच नोंदवत असे. प्रत्येक बिंदू उंचीपेक्षा एक-तृतीयांशाने जास्त रुंद आहे असे धरले जाई आणि दाखवताना 1440 चे 1920 होत. सोनीच्या महागड्या एचडीकॅम पद्धतीतही टेपवर 1440 च. 2002 चा ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ याच पद्धतीने चित्रित झाला. पॅनासॉनिकच्या एचव्हीएक्स 200 मध्ये तर तीन सेन्सर होते आणि प्रत्येकावर केवळ 960 × 540 बिंदू. त्यातला हिरव्याचा सेन्सर अर्ध्या बिंदूने सरकवून मधल्या जागांचा हिशोब केला जाई. आजच्या एका सेन्सरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून ठरतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी 1976 मध्ये पेटंट घेतलेली ही मांडणी.

म्हणजे हिशोबाने भरलेले बिंदू हा काही गुन्हा नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. मित्राच्या कॅमेऱ्याने चित्र ज्या प्रमाणात दाबले, त्याच प्रमाणात ते पुढे उलगडले जात होते. दाबणारा आणि उलगडणारा यांच्यात करार होता. 1932 च्या फिल्मशी असा करार कुणीच केलेला नाही. तिची चौकट साधारण चारास तीन अशी. ती एचडीच्या डब्यात नीट ठेवली, तर रुंदी सुमारे 1440 भरते आणि दोन्ही बाजूंना सुमारे 240 बिंदूंच्या काळ्या पट्ट्या राहतात. पुन्हा तोच आकडा! मित्राच्या टेपवर 1440 चे 1920 केल्याने माणूस मूळच्या आकाराला येतो. ‘अयोध्येचा राजा’मध्ये तेच केल्याने तारामतीची रुंदी एक-तृतीयांशाने वाढते.

आता मुद्दलाकडे येऊ. बाजारातल्या अशा अनेक प्रती जुन्या डीव्हीडीवरून काढलेल्या असतात. आपल्याकडच्या डीव्हीडीत 720 × 576, म्हणजे 4,14,720 बिंदू. त्याची पूर्ण चौकट भरणारी एचडी केली की बिंदू बरोबर पाचपट होतात. मुद्दल एक आणि व्याज चार. बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ काढला, त्याच्या गावात हा हिशोब सुचावा यात नवल नाही. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. कागदावरच्या आकड्यांनी माणसाची जमीन कशी जाते, हे त्या मूकपटाने सांगितले.

हल्ली या व्याजात यंत्रबुद्धीची भर पडली आहे. हजारो चेहरे पाहून शिकलेला प्रोग्राम अस्पष्ट चेहऱ्यावर पापण्या आणि ओठांच्या कडा काढून देतो. फिल्मवरची चांदीची रवाळ पोत, ग्रेन, त्याला कचरा वाटते आणि तो ती पुसतो. केशवराव धायबर यांचे छायाचित्रण आणि फत्तेलाल यांचे नेपथ्य यांतले सावलीचे बारकावेही त्या झाडूबरोबर जातात.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहिला. साइनबोर्ड रंगवणारा पेंटर हातभर फोटोवर चौकोन आखून त्याचे वीस फुटी पोस्टर करतोच ना? मधले तपशील तोही मनानेच भरतो. बाबूराव त्याच परंपरेतले. खरे आहे, पण ते पोस्टर आहे हे रस्त्यावरचे पोरही ओळखते, आणि कोपऱ्यात पेंटरची सहीही असते. फुगवलेली प्रत मात्र ‘मूळ चित्रपट’ म्हणून समोर येते, आणि आपण तिच्यावर समीक्षा लिहितो.

‘आपण’ म्हणतो, कारण मी ती लिहिली आहे. कित्येक वर्षांपूर्वीच्या एका लेखात, प्रभातच्या सुरुवातीच्या बोलपटांत पात्रांची डोकी चौकटीच्या वरच्या कडेला टेकतात आणि त्यातून देवादिकांच्या जगाचा दबाव जाणवतो, असा सिद्धांत मी मांडला होता. दोघांनी तो वाखाणलाही. पुढे त्याच चित्रपटाची पूर्ण चौकटीची प्रत पाहिली, तेव्हा डोक्यांवर भरपूर आकाश होते. मी आधी पाहिलेली प्रत ताणलेली नव्हती, कापलेली होती. रुंदी राखून चारास तीनची चौकट सोळास नऊमध्ये बसवली की उंचीचा चौथा हिस्सा जातो. माझा सिद्धांत त्या गेलेल्या हिश्श्यावर उभा होता. तो लेख संग्रहात घेतलेला नाही.

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी आहे. जुना चित्रपट दाखवताना तीन गोष्टी छापाव्यात: प्रत फिल्मवरून स्कॅन केली की डीव्हीडीवरून, स्कॅन किती बिंदूंचा, आणि मूळ चौकटीचे प्रमाण काय. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून फिल्म जपत आले आहे, राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून स्कॅनिंग आणि जीर्णोद्धारही झाले. तिथे ज्या नोंदी ठेवल्या जातात, त्यांतल्या तीन ओळी पत्रिकेवर यायला जागा लागते किती? कोल्हापूरच्या बाबतीत तर ही निकड अधिक आहे. 1918 च्या सुमारास देशी कॅमेरा घडवणाऱ्या बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही भाग तेवढे उरले आहेत. इतक्या थोड्या मुद्दलावर पाचपट व्याज चढले, तर पुढच्या अभ्यासकाने बाबूराव कुठे संपतात आणि प्रोग्राम कुठे सुरू होतो, हे कशावरून ओळखायचे?

यंदा त्याच सभागृहात तीच प्रत पुन्हा लागली. मध्यंतरापूर्वीच मी प्रोजेक्टरजवळच्या मुलाला गाठले आणि चौकट चारास तीनवर करायला सांगितली. त्याने रिमोटचे एक बटण दाबले. गेलेला बारकावा काही परत आला नाही, पण तारामती उंच झाली, चाके गोल झाली, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. मागून लगेच आवाज आला, “अहो, पडदा रिकामा राहतोय की! पहिल्यासारखं करा.”

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, राहू दे. पाच मिनिटांनी मागून पुन्हा आवाज आला, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहताच बटण दाबले.