बाप मेला, कुंपण राहिलं

शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची एक कादंबरी आहे. 'वुई हॅव ऑल्वेज लिव्हड इन द कॅसल'. १९६२ साली आली. आपल्या बोलीत सांगायचं तर 'आम्ही पहिल्यापासून गढीतच राहतोय'. पुस्तक लहानसंच आहे. भुताखेतांचं नाही. भीती आहे ती सगळी माणसाच्या डोक्यातली. २०१८ साली स्टेसी पॅसन हिनं त्यावर चित्रपट काढला.

दोस्तांनो, हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. पण डोळे उघडे ठेवून वाचा. कारण हे पुस्तक पहिल्याच पानावर आपल्या हाताला धरतं आणि एका बाजूला ओढून नेतं. आपण कुठल्या बाजूला जाऊन उभे राहिलो, हे शेवटपर्यंत कळत पण नाही.

आधी गोष्ट सांगतो. गावाबाहेर ब्लॅकवुड नावाच्या बड्या घराण्याचं मोठं घर. त्यात तिघंच उरलेत. थोरली कॉन्स्टन्स अठ्ठावीस वर्षांची, धाकटी मेरी कॅथरिन उर्फ मेरिकॅट अठरा वर्षांची, आणि चाकाच्या खुर्चीतला ज्यूलियनकाका. सहा वर्षांपूर्वी रात्रीच्या जेवणात कुणीतरी साखरेत सोमल कालवला. ती साखर ब्लॅकबेरीवर घालून खाल्ली आणि बाप, आई, धाकटा भाऊ, काकू असे चौघं गेले. काकानं साखर थोडीच घेतली होती, तो वाचला पण कायमचा अधू झाला. कॉन्स्टन्स साखर खात नव्हती. मेरिकॅटला त्या रात्री शिक्षा म्हणून जेवायला न देता खोलीत पाठवलं होतं. पोलीस यायच्या आधीच कॉन्स्टन्सनं साखरेचं भांडं घासून ठेवलं. का, तर म्हणे त्यात कोळी होता. तिच्यावर खटला झाला आणि ती सुटली. तेव्हापासून ती बागेपलीकडे पाऊल टाकत नाही. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मेरिकॅट गावात जाते. वाणसामान आणि लायब्ररीची पुस्तकं घेऊन येते. गावातली माणसं तिच्याकडं वाईट नजरेनं बघतात. पोरं विषाचं गाणं म्हणून चिडवतात.

आता खून कुणी केला, हे काय फार मोठं कोडं नाही. मेरिकॅटनंच केला. कॉन्स्टन्सला ते पहिल्यापासून ठाऊक आहे. पुस्तकाची खरी करामत वेगळीच आहे. ही सगळी गोष्ट मेरिकॅट स्वतः सांगते. तिचा आवाज लहान पोरीसारखा, लाघवी. मांजर, चंद्र, जमिनीत पुरून ठेवलेली चांदीची नाणी, झाडाला खिळ्यानं ठोकलेलं पुस्तक. वाचता वाचता आपण तिचे होतो. गावकरी राक्षस वाटायला लागतात. हीच पोरगी दुकानात उभी राहून सगळं गाव मरून पडल्याचं चित्र मनात रंगवते, तेव्हाही आपल्याला तिचंच खरं वाटतं. चार माणसं मारणारीच्या बाजूनं आपण उभे असतो आणि गावातल्या एकाचीही बाजू आपण ऐकलेली नसते. ज्याच्या तोंडी गोष्ट, त्याचीच बाजू खरी वाटते. लिहिणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

मग गावाची बाजू पुस्तकात नाहीच का? आहे. बाईनं लपवलेली नाही. तिनं ती मेरिकॅटच्याच तोंडून, जाता जाता, दोन-चार ओळींत सांगून टाकलीय. वाचणारे तिथून सरळ पुढं जातात. आपण थांबू.

पहिली गोष्ट वाटेची. ब्लॅकवुडांच्या जागेतून एक पायवाट होती. गावातली माणसं त्या वाटेनं हमरस्त्यावर बस पकडायला जायची. थोडा फेरा वाचायचा. आईला आपल्या दारावरून ही माणसं जाताना बघणं खपलं नाही. लग्न होऊन ती या घरात आली आणि बापाला कुंपण घालावं लागलं. तार आली, फाटक आलं, कुलूप आलं, पाटी आली. संपली वाट. ज्यांच्या दारात मोटार असते त्यांना फेरा म्हणजे काय ते कळत नाही. रोज पायी बस गाठणाऱ्याला कळतं.

दुसरी गोष्ट वहीची. मेरिकॅटनं झाडाला जे पुस्तक ठोकलंय ती बापाची टिपणवही आहे. आपले पैसे कुणाकडे येणं आहेत त्यांची नावं बाप तीत लिहून ठेवायचा. आणखी एक यादी असायची. आपल्या उपकाराखाली कोण कोण आहेत, कुणी कुणी आपली कामं करायला पाहिजेत, त्यांची. एवढी एक वही पुरे आहे. ती झाडावर खिळली आणि तिचा झाला जादूटोणा. पण त्या वहीत नाव असलेला माणूस मेरिकॅटला रस्त्यात बघेल तेव्हा गोड हसेल, अशी अपेक्षा कुणी का करावी?

या दोघी बहिणींवर लिहिताना 'बहिष्कृत' हा शब्द सहज कुणाच्याही लेखणीतून उतरेल. उतरू देऊ नये. हा शब्द स्वस्त नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाच्या कपाळावर हा शब्द लिहिला, 'बहिष्कृत भारत' म्हणून. ज्याला पाणी नाही, वाट नाही, वेशीच्या आत जागा नाही, त्याचा तो शब्द. ब्लॅकवुडांचं तसं नाही. कुंपण त्यांचं आहे, कुलूप त्यांचं आहे, किल्ली त्यांच्याच खिशात आहे. दुकानदार तोंड वाकडं करतो पण सामान देतो. तिजोरीत पैसा आहे. एकटं पडणं आणि एकटं पाडलं जाणं यांत फरक आहे. तिथं गोरेच मालक आणि गोरंच गाव, आपला हिशेब तिथं जसाच्या तसा लागत नाही, हेही खरं. पण शब्द कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, एवढं तरी आपण ठरवू शकतो.

कुणी म्हणेल, अरे पण या पोरीनं बापाची सत्ता उलथवली, हा विद्रोहच आहे की. ठीक आहे, तपासून बघू. बाप मेला. आई मेली. कुंपणाचं काय झालं? दर बुधवारी मेरिकॅट कुंपणाभोवती फिरून येते. तार कुठं तुटली का बघते, तुटली तर स्वतः जोडते, कुलूप ओढून बघते. म्हणजे ज्यांनी वाट बंद केली त्यांना तिनं मारलं, पण बंद वाटेची राखण ती बापापेक्षा जास्त निष्ठेनं करते. एका ठिकाणी ती बागेतल्या जुन्या पडक्या मांडवघरात एकटी बसते आणि मनातल्या मनात मेलेल्या घरच्यांना टेबलाभोवती बसवते. काय बोलतात ते? मेरीला कधी शिक्षा करायची नाही, तिचं सगळं ऐकायचं, तिच्यापुढं मान झुकवायची. बघा, तिला खुर्ची मोडायची नाही. तिला खुर्चीवर बसायचंय. अशा उठावाला विद्रोह म्हणत नाहीत, वारसाहक्क म्हणतात.

कॉन्स्टन्सचं दुःख मात्र मला जास्त खरं वाटतं. ती दिवसभर रांधते, पुसते, घासते. तळघरात ब्लॅकवुडांच्या कितीएक पिढ्यांतल्या बायकांनी घातलेल्या मुरंब्यांच्या बरण्या ओळीनं लागल्यात, त्यांत हिची भर. बाहेर पडावं असं तिला मधे मधे वाटतं. पण गुन्हा पोटात घातलाय, त्यामुळं ज्या बहिणीला वाचवलं तीच तिची पहारेकरीण झालीय. प्रेम आणि कोंडवाडा एकाच चुलीवर शिजतात, हे जॅक्सनबाईनं फार नेमकं पकडलंय. तिला ते ठाऊक होतं. ही कादंबरी हातावेगळी झाल्यावर तिला स्वतःलाच घराबाहेर पडायची भीती धरली होती. १९६५ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती गेली.

मग चार्ल्स येतो. चुलतभाऊ. या कादंबरीतला 'बाहेरचा माणूस' म्हणून याचीच चर्चा होते. पण हा बाहेरचा कुठला? आडनाव ब्लॅकवुडच. आला तो सरळ बापाच्या खोलीत झोपला, बापाच्या खुर्चीत बसला, तिजोरी कुठाय ते बघून घेतलं. झाडाला सोन्याची साखळी ठोकलेली बघून त्याचा जीव तळमळतो, तो साखळीच्या किमतीपायी. मेरिकॅट त्याला भूत समजते. तो काही भूत नाही, तो दुसरा बाप. गढीवर दोन वारस भांडतात, एवढंच. खरी बाहेरची माणसं कुंपणापलीकडे उभी आहेत. त्यांच्यातलं कुणी या घरात राहायला आलं असतं तर कादंबरी काय झाली असती, याचा विचार करून बघा.

चित्रपटानं तर हे सगळं सोपं करून टाकलं. तिथं चार्ल्स शेवटी घरात घुसतो, कॉन्स्टन्सच्या अंगावर जातो आणि मेरिकॅट त्याला ठार मारते. पुस्तकात असं काही नाही. पुस्तकात तो एका फोटोवाल्याला घेऊन परत येतो, दारातून गयावया करतो आणि निघून जातो. आत कॉन्स्टन्स हसत सुटते. चित्रपटाला खलनायक लागतो. एक वाईट पुरुष मेला की प्रेक्षक निवांत घरी जातो, वाट आणि वही विसरून जातो. पुस्तक आपल्याला एवढी सुटका देत नाही.

आता आगीची रात्र. मेरिकॅट चार्ल्सचा पेटता पाइप कचऱ्याच्या टोपलीत ढकलते आणि घर पेटतं. गाव धावत येतं. बंबावरचा प्रमुख जिम डोनेल आग विझवतो. काम चोख करतो. मग डोक्यावरची हुद्द्याची टोपी काढून बंबावर ठेवतो, खाली वाकतो, धोंडा उचलतो आणि पहिली खिडकी फोडतो. मग सगळं गाव घरात शिरतं. बशा, पडदे, खुर्च्या, हार्प, काही शिल्लक ठेवत नाहीत. दोघी बहिणींना घेरतात. त्यांना आत घालून पुन्हा आग लावावी असंही कुणी ओरडतं. काका मेला असं कळल्यावर गर्दी ओसरते.

इथं आपण कुणाच्या बाजूचे? वाट बंद केली म्हणून राग होता तर तो खरा होता. पण त्या रात्री तारेला कुणी हात लावला? कुणी नाही. बशा फोडल्या. दोन बायकांना घेरलं. टोपी डोक्यावर होती तोवर हाच माणूस कायद्याचा होता, टोपी उतरली आणि तो जमाव झाला. या जमावाला आपलं म्हणता येणार नाही. जॅक्सनबाईला हा धोंडा चांगला ओळखीचा होता. १९४८ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये आलेल्या 'द लॉटरी' या कथेत तिनं अख्खं गाव चिठ्ठ्या टाकून आपल्यातल्याच एका बाईला धोंडे मारताना दाखवलंय. तिथं कुंपण नाही, गढी नाही. धोंडा मात्र तोच.

आणि त्यानंतर जे घडतं ते त्या रात्रीपेक्षा भयानक आहे. वरचा मजला जळालाय. दोघी खालच्या स्वयंपाकघरात दारं-खिडक्या बंद करून राहतात. वाट आता मोकळी झालीय. माणसं येतात जातात, पोरं अंगणात खेळतात. बंद दाराआडून या दोघी बघत बसतात. आणि अंधार पडला की गावातली माणसं पायरीवर भांडी ठेवून जातात. कोंबडी, केक, पाव. बरोबर चिठ्ठी: खुर्ची मोडली, माफ करा, पडदे फाडले, माफ करा. आया पोरांना सांगतात, त्या पायरीजवळ जाऊ नका, आतल्या बाया पोरं खातात.

म्हणजे काय झालं? तारेचं कुंपण पडलं आणि भीतीचं उभं राहिलं. काल ज्यांना धोंडे मारले त्यांनाच आज नैवेद्य. घराचा दरारा कमी झाला नाही, उलट घराचं देऊळ झालं. आत मेरिकॅट म्हणते आम्ही सुखी आहोत, आणि तिचं म्हणणं खरं आहे. तिला पाहिजे होतं ते मिळालं. गाव मान खाली घालून दाराशी येतंय. तेही वहीत नाव न लिहिता.

वाट मोकळी करायची असते ती दिवसाउजेडी, दहा माणसांनी मिळून, हक्क म्हणून. धोंड्यानं होत नाही आणि माफीच्या चिठ्ठीनं तर नाहीच. जॅक्सनबाई हे असं बोलून दाखवत नाही. पण वाट, वही, धोंडा आणि पायरीवरचं ताट, चारही वस्तू तिनं पुस्तकात मांडून ठेवल्यात. त्या एका ओळीत लावून बघणं हे वाचणाऱ्याचं काम.

मेरिकॅटनं तिची गोष्ट सांगून झाली. रोज तो फेरा घालून बस गाठणाऱ्यानं अजून सांगितलेली नाही.