‘प्रोव्हायडर’ म्हणजे नक्की कोण?

२०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीचे सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम जाहीर झालं. दाखला खरा की खोटा हे कुणालाही, कुठूनही तपासता यावं, हा हेतू. आता समजा, असा दाखला तपासणारं पान तुम्हाला लिहायचंय, लोणावळ्यात बसून. बहुधा तुम्ही ईथर्स.जेएस घ्याल (जुनी वेब३.जेएस मार्च २०२५ मध्ये बंदच झाली). लायब्ररी छान आहे, मीही वापरते. प्रोव्हायडर बनवा, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता द्या, दाखल्याचा हॅश विचारा. चार ओळींत काम होतं.

माझी तक्रार पहिल्या ओळीबद्दल आहे. प्रोव्हायडरला एक यूआरएल लागते आणि ती बहुतेक वेळा इन्फ्युरा, अल्केमी अशा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरची असते. सर्व्हर जे सांगेल ते लायब्ररी तुमच्या हातात ठेवते. नोंद हजारो संगणकांनी जपलेली, पण तुम्ही विचारलंत एकालाच! ११ नोव्हेंबर २०२० ला इन्फ्युराचे जुन्या गेथ आवृत्तीवरचे नोड अडकले. इथेरियम चालूच होतं, तरी काही एक्स्चेंजना पैसे काढणं थांबवावं लागलं.

आपल्या मावळातलं उदाहरण घ्या. कार्ल्याच्या लेण्यात करजिक गाव भिक्षूंना दिल्याचा उषवदाताचा लेख आहे. दगडात कोरलाय, सुमारे १९०० वर्षं टिकलाय. पण डोंगर न चढता पायथ्याशीच कुणाला विचारलंत, ‘वर काय लिहिलंय हो?’, तर दगडाचा टिकाऊपणा त्याच्या उत्तराला लागू होत नाही.

ईथर्समध्ये दोन-तीन सेवांना एकदम विचारून उत्तरं जुळवायची सोय आहे, हे मान्य. पण ते बहुमत झालं, पुरावा नाही. पुरावा मागता येतो: ईथ_गेटप्रूफ ही हाक सर्व्हरकडून मर्कल पुरावा आणते. तो तपासायचं काम मात्र ईथर्स करत नाही, ते तुमच्यावर. शिवाय ज्या ब्लॉकच्या मुळाशी तो ताडायचा, ते मूळ तरी खरं कशावरून? इथेरियमसाठी हेलिओससारखा हलका क्लायंट ते पाहतो. ही गोष्ट लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण चूक झाली तर ती गुपचूप होते. मागे पडलेला नोड एरर देत नाही, जुनी स्थिती वाचून उत्तर देतो. कॉन्ट्रॅक्टच्या मॅपिंगमध्ये हॅश नसेल तर सॉलिडिटी शून्य किंवा ‘फॉल्स’ परत करते. म्हणजे कालच नोंदवलेला दाखला घेऊन आलेल्या मुलीला तुमचं पान शांतपणे ‘नोंद नाही’ म्हणेल, आणि खिडकीमागचा माणूस पडद्यावर विश्वास ठेवेल, तिच्यावर नाही. म्हणून निदान एवढं करा: उत्तराशेजारी ब्लॉक क्रमांक, त्याची वेळ आणि कोणत्या सर्व्हरनं सांगितलं ते छापा. आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसऱ्या सर्व्हरला विचारल्याशिवाय ते दाखवू नका.