तेल तिळाचे, तेल जैतुनाचे

सातारा-सांगलीकडील ख्रिस्ती घरांत ‘तेल’ म्हटले की शेंगदाण्याचे, फार तर करडईचे तेल डोळ्यांपुढे येते. जैतुनाचे झाड पाहिलेला माणूस आपल्यांत विरळाच. तरीही दहा कुमारींचा दृष्टान्त ऐकताना कोणी अडखळत नाही. हे मराठी भाषांतराचे यश मानावे की मूळ अर्थाची हानी, या प्रश्नाचा येथे विचार करावा असे आम्हांस वाटते.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत तेलाला ‘एलायोन’ म्हणतात. तो शब्द जैतुनवाचक ‘एलाया’पासून आला. आपला ‘तेल’ हा शब्दही तसाच तिळापासून आला आणि पुढे करडईपासून भुईमुगापर्यंत साऱ्यांना पुरला. दोन्ही भाषांनी आपापल्या मातीतील पिकावरूनच हे नाव घेतले. म्हणून ‘एलायोन’ला केवळ ‘तेल’ म्हणणारे भाषांतरकार आमच्या मते चुकले नाहीत.

त्या तेलाचे उपयोगही आपणांस परके नाहीत. कुमारींच्या दिव्यांत ते जळते, शोमरोनी माणूस जखमांवर ते द्राक्षारसासह ओततो, आणि अन्यायी कारभाऱ्याच्या दृष्टान्तात शंभर मापे तेलाचे देणे पन्नासावर येते. शिष्य आजाऱ्यांना तेल लावतात (मार्क ६:१३) आणि याकोबही वडीलजनांना तेच करावयास सांगतो (५:१४). या दोन्ही स्थळी ‘आलेइफो’ हे चोळण्या-माखण्याचे घरगुती क्रियापद आहे. ‘ख्रिस्त’ हे नाव ज्यापासून आले ते ‘ख्रिओ’ क्रियापद वेगळे. मराठीत हाच भेद ‘अभ्यंग’ आणि ‘अभिषेक’ या दोन शब्दांनी नेमका उतरतो. आजाऱ्याच्या संस्काराला ‘रुग्णाभ्यंग’ म्हणताना आपण याकोबाच्या शब्दाशी प्रामाणिक राहतो. आई तापल्या लेकराला तेल चोळते, तीच कृती प्रभूच्या नावाने झाली की संस्कार होते.

हानी झाली आहे ती दुसरीकडे. ‘गेथशेमाने’ म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी, जेथे फळे दाबून तेल काढीत, तेथेच प्रभूने ती व्याकूळ रात्र काढली. मराठी वाचकासमोर मात्र ‘जैतून’, ‘तेल’ आणि ‘गेथशेमाने’ हे तीन शब्द तीन ठिकाणी सुटे पडतात. गावचा लाकडी घाणा ज्याने पाहिला आहे, त्याला दाण्याचा चेंदा झाल्याखेरीज तेल निघत नाही हे सांगावे लागत नाही. एवढा जवळचा अर्थ आपल्याच वाचकापासून दूर राहावा, याचे आम्हांस वाईट वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो ख्रिस्तभक्ती या मातीत रुजावी म्हणून. पुढे १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी, जैतुनाचे तेल मिळणे कठीण असेल तेथे अन्य वनस्पतिजन्य तेलही रुग्णाभ्यंगासाठी चालेल, असे ठरविले. अनेक बिशपांची तशी मागणी होती. अट एकच: तेल वनस्पतीचेच हवे, कारण ते जैतुनाच्या तेलाशी अधिक मिळतेजुळते.

तेव्हा ‘तेल’ आहे तसेच राहू द्यावे. मात्र मराठी शास्त्राच्या पुढील आवृत्तीत ‘गेथशेमाने’ या शब्दाखाली ‘तेलाचा घाणा’ एवढी तळटीप अवश्य छापावी. तोवर पवित्र गुरुवारी घरोघरी तो उतारा वाचताना वडीलधाऱ्यांनी मुलांना हा अर्थ सांगावा, अशी आमची विनंती आहे.