मोगलीचा ताळेबंद

समीक्षक व्हायला नेमकं काय लागतं, हे मला ठाऊक नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि तोही सेकंड क्लासचा. साहित्यातला माझा अधिकार म्हणाल तर बँकेच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन आणि रजेचे अर्ज, एवढाच. (त्यातल्या 'आजी अत्यवस्थ' या कथाबीजावर मी चार वेळा काम केलं. चौथ्या वेळी तेव्हाच्या साहेबांनी समासात 'पुनरावृत्ती टाळावी' असा शेरा मारला. माझ्या लेखनाचं छापील वा हस्तलिखित असं ते एकमेव परीक्षण.) तरीही आज मी एका कलाकृतीचं परीक्षण करायला बसलो आहे, कारण तिचे मी रोख पैसे मोजले आहेत. फुकट पास मिळालेल्या समीक्षकापेक्षा माझी कळकळ त्यामुळे दीडशे रुपयांनी जास्त आहे.

झालं असं की, स्टेशनजवळचं डीव्हीडीचं दुकान गेल्या वर्षी बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. शेवटच्या आठवड्यात मालकाने उरलेला माल फुटपाथवर मांडला होता. त्या ढिगात, 'तीस दिवसांत वजन घटवा' आणि 'गणपतीच्या एकशे एक आरत्या' यांच्या मधोमध, अंगावर फक्त एक चड्डी घातलेला मुलगा माझ्याकडे बघून हसत होता. मोगली! सबंध 'जंगल बुक'चा संच! मी भाव केला नाही. आमच्या घराण्यात असं यापूर्वी कधी घडलेलं नाही, असं सौभाग्यवतीचं म्हणणं.

लग्नात आहेर म्हणून आलेला डीव्हीडी प्लेअर माळ्यावर होता. तो काढला, पुसला, जोडला. रिमोट मेलेला होता, म्हणजे भाग पुढे ढकलायची सोय नाही. जे येईल ते बघायचं. एका अर्थी हे उत्तमच झालं. दूरदर्शनवरही रविवारी सकाळी आपण तसंच बघत होतो की!

मालिका मुळात जपानी. टोकियोच्या निप्पॉन ॲनिमेशनने काढलेली, १९८९-९० साली तिकडे दाखवलेली, एकूण भाग ५२. आपल्याकडे ती हिंदी होऊन १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर आली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि कऱ्हाडला आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. हे मुद्दाम सांगतो, कारण परीक्षणाचा पहिला मुद्दा तिथेच आहे. मी ही मालिका पूर्ण पाहिली होती, पण रंगात कधीच नाही. जंगल हिरवं, वाघ पिवळा, हे सगळं रंगकाम माझं मी डोक्यात केलेलं. आता तीस वर्षांनी पडद्यावर खरे रंग आले आणि माझा एकेक हिशेब चुकत गेला. बगीराचा रंग तेवढा जुळला.

सगळ्यात मोठा धक्का दिला किचीने. मोगलीबरोबर एक लहानसं झुपकेदार शेपटीचं जनावर असायचं, आठवतं? मी त्याला आयुष्यभर मांजर समजत आलो. समोरच्या काकूंकडे अगदी तसंच एक भुरं मांजर होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. रंगात पाहतो तर ते तांबडंलाल! तो लाल पांडा आहे. आता लाल पांडा राहतो सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचल अशा थंड हवेत. तो मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या उन्हाळ्यात करतो काय? अशी बदली विनंतीवरून होत नसते. वरच्या कुणाशी तरी वाजलं असणार.

पण मग विचार केला, या मालिकेत आपल्या जागी आहे तरी कोण? मूळ लेखक रुडयार्ड किपलिंग हा जन्माने मुंबईकर; ३० डिसेंबर १८६५ ला जन्मला, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. पाच-सहा वर्षांचा असताना त्याला विलायतेला धाडलं. पुढे तो अमेरिकेत व्हर्माँटच्या बर्फात जाऊन बसला आणि तिथे त्याने वैनगंगेकाठचं जंगल लिहिलं. पुस्तक आलं १८९४ साली. (तीच वैनगंगा, जी पुढे आपल्या भंडाऱ्यावरून जाते.) ते जंगल शंभरेक वर्षांनी टोकियोतल्या चित्रकारांनी काढलं. शीर्षकगीत लिहिलं गुलजारांनी, ते जन्मले आता पाकिस्तानात असलेल्या दीना गावी. चाल दिली विशाल भारद्वाजने, 'माचिस' यायच्या तीनेक वर्षं आधी. आणि शेर खान हा नरभक्षक वाघ मूळचा रायगड जिल्ह्यातला, मुक्काम मुरूड; कारण त्याला आवाज दिला होता नाना पाटेकरांनी. इतक्या शाखांचे शिक्के बसलेला चेक आमच्या काउंटरला आला असता तर मी बिनदिक्कत परत पाठवला असता. दूरदर्शनने वटवला, हे देशावर उपकार.

आता बूमरँग. मोगलीच्या हातात बूमरँग कुठून आलं? किपलिंगमध्ये ते नाही; तिथे मोगलीकडे आग आहे आणि पुढे सुरा. बूमरँग हे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं. पण जपान्यांनी ते शिवनीच्या पोराच्या हाती दिलं आणि १९९३-९४ च्या आसपास महाराष्ट्रातल्या किती घरांतले लाकडी हँगर मोडले, याची नोंद कुठेही सापडणार नाही. आमच्याकडचे दोन. पहिलं बूमरँग मी अंगणातून फेकलं, ते समोरच्या काकूंच्या कौलांवर गेलं. दोन कौलं फुटली आणि वर बसलेलं मांजर (म्हणजे तेव्हाची किची) तीन दिवस घरी आलं नाही. बूमरँग तर आजतागायत आलेलं नाही. गेलेली वस्तू परत येते या समजुतीवर केलेला व्यवहार म्हणजे काय, हे मला कर्ज विभागात जायच्या बारा वर्षं आधी असं समजलं होतं. कौलांचे पैसे अण्णांनी भरले.

चित्रकलेबद्दल चार शब्द टाकायला हवेत, त्याशिवाय परीक्षण वाटत नाही. काटकसर आहे. लांडगे धावतात तेव्हा एकच झाड मागून तीनदा जातं; मी मोजलं, मला मोजायची सवय आहे. तोंडं शब्दांच्या आधी मिटतात. पण एक गोष्ट लहानपणी लक्षात आली नव्हती ती आता आली, ती म्हणजे मालिकेला घाई नाही. डिस्नेने १९६७ साली सव्वा तासात मोगलीला गावाच्या वेशीपर्यंत पोचवून दिलं आणि जाता जाता 'का' अजगराला बदमाश करून टाकलं. पुस्तकातला 'का' मोगलीचा मित्र आहे, आणि जपान्यांनी त्याला तसंच राहू दिलं. लांडगीण आई, पुस्तकात जिचं नाव रक्षा, इथे ती लूरी होते. आणि ती पोर वाढवते म्हणजे खरोखर वाढवते, भागांमागून भाग. अस्वल शिकवतं, पोर चुकतं, पुन्हा शिकवतं. आपण 'जंगलचा कायदा' म्हणतो तेव्हा आपल्याला अंदाधुंदी म्हणायची असते. किपलिंगचं जंगल त्याच्या अगदी उलटं आहे. तिथे पाण्यावर कुणी कधी यावं, शिकार कशी करावी, परक्याच्या हद्दीत काय ओरडावं, सगळ्याचे नियम आहेत. बल्लू म्हणजे चालतंबोलतं परिपत्रक. आमच्या शाखेत त्याला नक्की बढती मिळाली असती.

कन्येचं मत विचारलं. वय अकरा. ती म्हणाली, "बाबा, हे किती हळू आहे!" मग तीन भाग बसून पाहिले. मी तिचं मत आणि तिची हजेरी, दोन्ही नोंदवून ठेवतो.

एवढं कौतुक केल्यावर मुख्य तक्रार सांगायला हरकत नाही. संच इंग्रजीत निघाला. वेष्टनावर ते लिहिलं होतं, पण मी चड्डीवाला मुलगा बघून पैसे दिले होते. अटी व शर्ती वाचल्या नव्हत्या. (हा धडा मी रोज काउंटरवर दुसऱ्यांना देतो.) गुलजारांचं गाणं नाही. ज्या गाण्यात चड्डीला पहिल्यांदा काव्यात मानाचं पान मिळालं, ते नाही. त्याच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं. आणि शेर खान? झाडीतून तो डौलात आला, माझा श्वास रोखला गेला, त्याने तोंड उघडलं, आणि आतून कुणीतरी क्रेडिट कार्ड विकायला फोन केल्यासारखं सभ्य इंग्रजी बोलू लागलं.

मी प्लेअर बंद केला. सौ. म्हणाली, "दीडशेच रुपये गेले ना? तोंड का असं?"

तोंड असं होण्याचं कारण वेगळं होतं.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. आठवड्याचे सहा दिवस मी उठायच्या आत ते निघालेले असत आणि बहुतेक वेळा मी झोपल्यावर परत येत. सुट्टी रविवारी. त्या दिवशी घशाला आराम म्हणून ते फारसं बोलतच नसत. टीव्हीकडे पाठ करून उंबऱ्यात बसायचे आणि पैशाची कातडी पिशवी तेल लावून पुसायचे. टीव्ही हे त्यांना पोरखेळ वाटायचं. पण शेर खान बोलू लागला की पिशवीवरचा हात थांबायचा. 'परिंदा' त्यांनी साताऱ्याला जाऊन पाहिला होता, नाना हा त्यांच्या मते एकमेव नट. मालिका संपली की मागून, खर्जात, दात चावत आवाज यायचा, "मोगली... आंघोळ झाली का रे?" मी किंचाळत मोरीकडे पळायचो. तेरा वर्षांचा घोडा, पण खरंच पळायचो. आठवड्यात अण्णांनी माझ्याशी बोललेलं ते बहुधा सगळ्यात मोठं वाक्य असे.

अण्णा २०११ साली गेले. फोटो आहेत, बिल्ला आहे, ती पिशवी आहे. आवाज कुठेच नाही. आमच्याकडे तेव्हा टेपरेकॉर्डर होता आणि त्यावर मी नव्वद मिनिटं नुसत्या क्रिकेटच्या कॉमेंटरीची भरून ठेवली आहेत.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, दुपारच्या वेळी. सगळा देश घरात बसून बघत होता. बँक अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे मी प्लास्टिकच्या पडद्याआड बसून लोकांच्या पासबुकावर सॅनिटायझर मारत होतो. तेव्हा हुकलेलं आता वसूल करू, म्हणून मी तो संच उचलला होता. नाना मिळाले की त्या आवाजाच्या मागून दुसराही कानावर येईल, असा माझा हिशेब.

कन्येने दोन मिनिटांत मोबाइलवर हिंदी भाग शोधून काढला. "हा घ्या तुमचा वाघ." गाणं लागलं, आणि खरं सांगतो, ते गाणं अजून खणखणीत आहे; घसारा शून्य. मग शेर खान आला. नाना उत्तम आहेत. आवाजात थंड, हसरी दुष्टाई आहे, लहान मुलाला घाबरवताना नटाने राखून काम केलेलं नाही, आणि मालिकेतलं इतकं निःशंक काम दुसऱ्या कुणाचं नाही. समीक्षक म्हणून मी हे लिहून देतो. पण मी ऐकत होतो तो हा वाघ नव्हताच. अण्णांचा शेर खान जरा थकलेला होता. तो मोगलीला खाणार असं कधी वाटायचं नाही. फार तर सुट्टे मागेल असं वाटायचं.

"असं नव्हतं ते," मी म्हणालो.

"मग कसं होतं?" कन्या.

मी मोबाइलचा आवाज बंद केला. पडद्यावर वाघाने तोंड उघडलं तसा मी घसा खाकरून खर्ज लावला, "मोगली... आंघोळ झाली का रे?"

आतल्या खोलीत आई मेथी निवडत होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, असं आम्ही धरून चालतो. ती म्हणाली, "जरा नाकातून."

मी पुन्हा म्हणालो, नाकातून.

"आणि शेवटी खोकायचे ते."

मी खोकलो. आईच्या मेथीचा आवाज थांबला होता. कन्येने एकदा माझ्याकडे, एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं आणि डीव्हीडीची दुसरी तबकडी काढून माझ्या हातात दिली.

"ही लावा. आवाज बंद ठेवून. अजगर मी करते."