फॉस्टर म्हणे

'गाणं कोणाचं?' असं आमच्या सिहोऱ्यात विचारलं, की उत्तर ठरलेलं. 'कोनाचं म्हंजे? लताबाईचं जी!' पुण्या-मुंबईचे जाणकारही याहून वेगळं सांगत नाहीत. ते फक्त 'लताचं' म्हणतात, जणू शेजारच्या वाड्यातली! गाणं कोणी लिहावंही लागतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

या बाबतीत अमेरिकेतल्या स्टीफन फॉस्टरचे हाल कुत्रा खात नव्हता. गाणी रचून पोट भरू पाहणाऱ्या तिथल्या पहिल्या काही बहाद्दरांपैकी हा एक. शब्दही त्याचे, चालही त्याची. १८५१ साली त्याचं 'ओल्ड फोक्स ॲट होम' छापून आलं आणि मुखपृष्ठावर कर्ता म्हणून नाव झळकलं ई. पी. ख्रिस्टी या मंडळीच्या मालकाचं! पैसे घेऊन फॉस्टरनंच तसं कबूल केलं होतं म्हणा. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायची, हा या मंडळींचा धंदा, आणि फॉस्टरची लेखणीही त्याच बाजारात बसलेली. ते झाकण्यात अर्थ नाही. पण गाणं बाजाराहून मोठं निघालं. ज्या सुवानी नदीसाठी त्यात जीव तुटतो, ती फॉस्टरनं नकाशात शोधली होती, डोळ्यांनी कधी पाहिली नाही. फ्लोरिडानं तरीही १९३५ साली ते राज्यगीत केलं! १८५२ साली त्यानं ख्रिस्टीला पत्र लिहून आपलं नाव परत मागितलं. मिळालं नाही. १८६४ साली सदतिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा बटव्यात ३८ सेंट होते.

आमचे लोक हुशार. नाव मुखपृष्ठावर कशाला, अभंगातच शिवून टाकलं. 'तुका म्हणे' उसवलं की अभंगच फाटतो. इथं चोरी झाली तीही उलटी : लोक आपला माल तुकोबांच्या नावावर खपवू लागले! होनाजी शाहिरानं तर गाणाऱ्या बाळालाही नाममुद्रेत शेजारी बसवून घेतलं. लिहिणारा आणि गाणारा, एकाच ओळीत. ख्रिस्टीचं भांडण तिथंच मिटलं असतं.

मग रेकॉर्ड आली, भावगीत आलं आणि मुद्रा गेली. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' १९३०च्या दशकात जी. एन. जोशींनी तबकडीवर गायली, आणि ती जोशींची झाली. यात जोशींचा काय दोष? भावगीतातला 'मी' ऐकणाऱ्याला आपला वाटायला हवा. ऐन हुरहुरीत कवीनं स्वतःचं नाव सांगितलं, तर ती हुरहूर त्याची त्यालाच परत करावी लागेल. फॉस्टरची नदीही अशीच प्रत्येकाच्या गावावरून वाहिली. गाणं सगळ्यांचं व्हावं म्हणून एकानं त्यातून उठून जायचं, असा हा व्यवहार. फॉस्टर त्यात बुडाला, हे समजू शकतं. पण आमचे नाघ तर पेशानं वकील होते हो!