उपचारांचा फलक : काय सांगतो, काय गाळतो

स्तनाचा कर्करोग लवकर लक्षात आला, तर पुष्कळ स्त्रियांपुढे दोन वाटा असतात. संपूर्ण स्तन काढून टाकायचा, किंवा गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार द्यायचे. बर्नार्ड फिशर यांच्या अमेरिकेतील चाचणीत १९७६ पासून भरती झालेल्या १८५१ स्त्रियांचा वीस वर्षांचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही वाटांत फरक आढळला नाही. मात्र नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते.

आयुष्य सारखेच, तर निवड कशावरून करायची? स्तन राखण्याचे मोल, किरणोपचारांचा त्रास, रोग उलटण्याची धास्ती यांचे वजन प्रत्येकीच्या मनात निराळे असते. डॉक्टरांना ते परस्पर ठरवता येत नाही. म्हणून निर्णयाला मदत करणारी साधने तयार झाली. कॅनडातील हॅमिल्टनच्या टिमथी व्हेलन यांचा ‘निर्णयफलक’ हे त्यांपैकी एक. उपचार कोणते, त्यांचे त्रास कोणते, परिणाम काय, ही माहिती डॉक्टर फलकावर टप्प्याटप्प्याने दाखवतात. शाळेतला तक्ता आठवावा, असेच हे साधन.

त्याची परीक्षाही रीतसर झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे २० शल्यचिकित्सकांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने फलक वापरला, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे तोंडी सांगितले. एकूण २०१ स्त्रियांवरील निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. फलक पाहिलेल्या स्त्रियांना माहिती अधिक होती, मनाची दोलायमानता कमी होती. त्यांच्यापैकी ९४ टक्के स्त्रियांनी स्तन राखण्याचा उपचार निवडला. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७६ टक्के होते.

येथेच थांबून विचार केला पाहिजे. ९४ हा आकडा फलकाचे यश म्हणून सांगण्याचा मोह होतो. पण कौल उलट्या बाजूला झुकला असता, तर फलक नापास ठरला असता काय? मदत करणारे साधन आणि वळवणारे साधन यांतली सीमा फार बारीक असते. बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी हे दाखवून दिले होते. शस्त्रक्रियेतून शंभरांपैकी ९० वाचतात असे सांगितले, की अधिक लोक ती निवडतात. १० दगावतात असे सांगितले, की कमी. आकडा तोच, आणि डॉक्टरही या शब्दांच्या खेळातून सुटले नव्हते. म्हणून फलकावर दोन्ही बाजू लिहिलेल्या असाव्यात आणि त्याचे गुण निवडीवरून नव्हे, समजेवरून द्यावेत.

समजेचे गुण पाहिले, तर ते बेताचेच आहेत. फलक पाहिलेल्यांना शंभरांपैकी सरासरी ६६.९, न पाहिलेल्यांना ५८.७. फरक खरा आहे, पण तक्ता पाहूनही तिसरा हिस्सा निसटलाच. तक्ता टांगला म्हणजे धडा शिकवून झाला असे होत नाही, हे शिक्षकांना सांगायला नको.

दुसरी उणीव आपल्याकडे आणताना जाणवेल. स्तन राखायचा तर किरणोपचारांसाठी काही आठवडे जवळजवळ रोज यंत्रापर्यंत जावे लागते. यंत्र जिल्ह्याच्या किंवा त्याहून दूरच्या शहरात, आणि रुग्ण मजुरीवर जाणारी बाई. तिच्या हिशेबात बसभाडे, बुडालेला रोज, शहरातला मुक्काम आणि घरी मुलांना कोण बघणार, हे सारे येते. परक्या देशातील फलकाचे नुसते मराठी भाषांतर केले, तर हे रकाने त्यात येणारच नाहीत. शिवाय तो फलक तिच्यासमोरच मांडला पाहिजे. पुष्कळदा कागद नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती जातो आणि निर्णय बाहेरच्या बाकावर होतो.

या उणिवा दाखवल्या, त्या साधन टाकून द्यावे म्हणून नव्हे. तोंडी सांगण्यापेक्षा ते निश्चित बरे आहे. पण ‘शंभरांपैकी चौदा’ म्हणजे काय, आणि त्या चौदांत मी असेन की नाही हे कोणीच का सांगू शकत नाही, हे दवाखान्यात प्रथमच शिकण्याची वेळ कोणावर येऊ नये. ते नववी-दहावीच्या वर्गात शिकवता येते. फळ्यावर शंभर ठिपके काढावेत, चौदा रंगवावेत आणि मुलांना बोलू द्यावे.